शिवडीचा सी-फेस

मुंबईला दोन किनारे आहेत. पश्चिमेच्या किनाऱ्यावर नटनट्या राहतात, सूर्य मावळतो आणि भेळ मिळते. पूर्वेच्या किनाऱ्यावर आम्ही राहतो. 1873 साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, तेव्हापासून हा समुद्र बंदराच्या कामाला लागलाय. घरापासून तो हाकेच्या अंतरावर. पण मधे गोदामं, रूळ, उभे ट्रेलर, भिंती आणि फाटकावर 'पास आहे का?' विचारणारा शिपाई.

समुद्र दिसत नाही, पण येतो मात्र नाकात. ओहोटी लागली की खाजणातल्या चिखलाचा वास, दारूखान्याकडून वारा सुटला की कापलेल्या जहाजांच्या जळक्या लोखंडाचा, माहुलकडून आला तर गॅसचा. आमची सौ. भाजी फोडणीला टाकता टाकता वाऱ्याची दिशा सांगते. सकाळी दांडीवर घातलेला पांढरा सदरा दुपारी करडा होऊन मिळतो. रात्री दोनला ट्रेलर मागे घेताना पिपाणी वाजते, आणि क्लीनर 'आने दो, आने दो' असं अख्ख्या चाळीला सांगतो.

एवढं सोसलं असतं. पण आमच्याकडे फ्लेमिंगो येतात, आणि फ्लेमिंगोंमागोमाग पाहुणे.

यंदा सौ.चे पुण्याचे मामा आले. पक्षी भरती-ओहोटीच्या गणितानं चालतात. पाणी चढू लागलं की धक्क्याजवळ सरकतात, ओसरलं की लांब चिखलात जातात. हे मी फोनवर तीनदा बजावलं होतं. मामा पोहे, चहा, पुन्हा चहा आटोपून निघाले. धक्क्यावर पोचलो तेव्हा पाणी केव्हाच गेलेलं.

"गुलाबी कुठायत? हे तर पांढरे ठिपके!"

"लहान वयात करडेच असतात, मामा. चिखलातलं शेवाळ खाऊन खाऊन गुलाबी होतात."

मामांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मीही जन्मभर तिथलीच हवा खातोय. रंग काही चढला नाही, खोकला तेवढा लागला.

मग त्यांना अटल सेतू दिसला. "वा! दारातून थेट न्हावा-शेवा! तुमची चैन आहे." जानेवारी 2024 मध्ये सुरू झालेला हा जवळजवळ बावीस किलोमीटरचा पूल खरोखरच आमच्या दारातून निघतो. फक्त त्यावर दुचाकीला बंदी आहे, आणि आमच्याकडे स्कूटर आहे. मामांना वाईट वाटू नये म्हणून मी "हो ना" म्हटलं.

जाताना मामा म्हणाले, "ही जागा विकू नका हं, सी-फेस आहे!" आणि रुमालानं कपाळ टिपलं. रुमालाकडे एकदा पाहिलं, घडी उलटी केली, खिशात ठेवला.

येत्या रविवारी पाचजणांना घेऊन पुन्हा येताहेत. भरतीची नक्की वेळ विचारलीय. मी पहाटे पाच सांगितलीय.