खड्डा जागेवर, पिन फरार

रस्त्यातला खड्डा आंधळ्यालाही सापडतो. तोच खड्डा नकाशावर दाखवायला जा, डोळसाची फजिती होते. ऑनलाइन तक्रारीत आपण वर्णनासाठी झटतो. ‘भयानक’, ‘जीवघेणा’, ‘कित्येक वर्षांपासून’ असे शब्द आणि मोजून चार उद्गारचिन्हं. त्यातलं यंत्राला काहीही कळत नाही. त्याला कळतात दोन आकडे, अक्षांश आणि रेखांश, आणि आपली सगळी हेळसांड नेमकी त्यांच्याच वाट्याला येते.

तक्रारीचं ॲप उघडलं की नकाशावर एक निळा ठिपका दिसतो आणि त्याच्याभोवती फिकट निळं वर्तुळ. ठिपक्यावर सगळ्यांचा विश्वास, वर्तुळाकडे कुणी बघत नाही. खरं बोलणारं दोघांतलं ते एकटंच! ‘तुम्ही यात कुठेतरी आहात, बहुतेक,’ एवढंच त्याचं म्हणणं असतं. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनचा जीपीएस साधारण 5 मीटरपर्यंत चुकतो. रस्त्याची एक लेन 3 ते साडेतीन मीटरची. म्हणजे यंत्र अगदी शहाण्यासारखं वागलं, तरी खड्डा समोरच्या लेनमध्ये जाऊन बसू शकतो. दोन्ही बाजूंना उंच इमारती असतील तर उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोचतो, फोनला अंतर जास्त वाटतं आणि पिन, म्हणजे नकाशावरची जागेची खूण, सरळ कुणाच्या तरी शयनगृहात. पाहणीला आलेल्या माणसाने तिथे डांबर ओतावं अशी आपली अपेक्षा नसते.

उपाय साधा आहे, म्हणूनच कुणी करत नाही. ॲप उघडल्यावर वर्तुळ आकसेपर्यंत अर्धा मिनिट थांबायचं. मग उपग्रह-दृश्य लावायचं, नकाशा जास्तीत जास्त मोठा करायचा आणि झेब्रा पट्टे, दुभाजकाचं टोक, वळणाचा कोपरा असं काहीतरी धरून पिन बोटाने खड्ड्यावर सरकवायची. त्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये ‘अचूक स्थान’ चालू आहे ना, ते बघायचं. अँड्रॉइडमध्ये ‘अंदाजे स्थान’ निवडलं असेल तर ॲपला साधारण 3 चौरस किलोमीटरचा पट्टा मिळतो. एवढ्या जागेत तक्रार एका खड्ड्याची राहत नाही, सबंध वस्तीची होते.

घरी निवांत बसून तक्रार करणाऱ्यांचा खड्डा हमखास त्यांच्याच दिवाणखान्यात निघतो, कारण पिन फोन जिथे आहे तिथे पडते. काही ॲप फोटोत दडलेलं स्थान वाचतात, पण तो फोटो मेसेजिंग ॲपवरून फिरून आलेला असेल तर ती माहिती बहुधा वाटेतच गळालेली असते. मित्राने पाठवलेला खड्डा बेघर असतो.

आकडे हाताने भरणाऱ्यांनी दशांश जपावेत. तीनच स्थळं लिहिली तर नेम शंभरेक मीटरवर ढिला पडतो, पाच लिहिली तर साधारण एका मीटरवर येतो. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली तर खड्डा परदेशी जातो, नाहीतर समुद्रात. आणि रकाने रिकामे राहून त्यांचं शून्य-शून्य झालं, तर तक्रार आफ्रिकेजवळच्या गिनीच्या आखातात पोचते. नकाशावाले त्या जागेला गमतीने ‘नल आयलंड’, म्हणजे शून्य बेट, म्हणतात. तिथे बेट नाही, रस्ता तर नाहीच.

खरी गंमत हद्दीची. ब्रिटनमध्ये 2007 साली ‘फिक्समायस्ट्रीट’ हे रस्त्यांच्या तक्रारींचं संकेतस्थळ आलं, त्यामागचा विचार मोठा माणुसकीचा होता: हा रस्ता कुठल्या कार्यालयाचा, हे नागरिकाने का शोधावं? त्याने पिन लावावी, ती कुणाच्या हद्दीत पडते ते यंत्राने बघावं आणि तक्रार तिकडे धाडावी. विचार उत्तमच. पण हद्दीच्या रेषा आखणाऱ्यांना रस्त्याची मधली रेघ भारी आवडते. तिथे तो 5 मीटरचा घोळ घातला की तक्रार शेजारच्या कार्यालयात जाते आणि ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हा शेरा घेऊन बंद होते. शेरा खरा असतो, हे त्यातलं जास्त चीड आणणारं. म्हणून हद्दीच्या रस्त्यावर पिन अंदाजे नव्हे, नेमकी लावावी आणि वर्णनात ‘अमुक दिशेला जाणारी बाजू’ असं लिहावं.

प्रकार निवडतानाही सगळ्याला ‘खड्डा’ म्हणू नये. कडा सरळ, कापल्यासारख्या असतील तर ते कुणीतरी केबल किंवा पाइप टाकून घाईत बुजवलेलं खोदकाम. चेंबरच्या झाकणाभोवती रस्ता बसला असेल आणि कोरड्या दिवसांतही तिथे ओल असेल, तर खाली गळती असण्याची शक्यता मोठी. वर कितीही डांबर थापा, ते पुन्हा बसणार. अस्सल खड्ड्याची कड वेडीवाकडी असते, भोवती जाळीदार भेगा असतात आणि तळाशी सुटी खडी. भेगांतून पाणी आत गेलं, खालचा थर भुसभुशीत झाला, वरून चाकं गेली, की तो जन्माला येतो.

फोटो दोन हवेत. एक जवळून, मापासाठी शेजारी पट्टी ठेवून. दुसरा लांबून, खांबाचा क्रमांक किंवा न हलणारी खूण दिसेल असा. भर रहदारीत उकिडवं बसून नव्हे. तक्रारदारच बुजवायची वेळ यायची. पाण्याने भरलेल्या खड्ड्याच्या फोटोत फक्त आकाश छान येतं, खोली दिसत नाही. आणि खोलीला किंमत आहे: ब्रिटनमधल्या अनेक कौन्सिलांमध्ये, म्हणजे तिथल्या पालिकांमध्ये, 40 मिलिमीटर हा दुरुस्तीचा उंबरठा धरतात. ‘भयानक’पेक्षा ‘60 सेंटिमीटर रुंद, 7 खोल’ जास्त बोलतं.

माणसाचा हा ताप वाचवायला अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये ‘स्ट्रीट बम्प’ नावाचं ॲप काढलं होतं. गाडीतल्या फोनने धक्के मोजायचे, बोट लावायची गरज नाही. फोन इमानदार निघाला. त्याने खड्ड्यांबरोबर चेंबरची झाकणंही तितक्याच निष्ठेने नोंदवली.

तक्रार पाठवण्याआधी आजूबाजूच्या पिना बघाव्यात. तोच खड्डा आधीच नोंदलेला असेल तर नवी तक्रार न करता त्याखालीच भर घालावी, नाहीतर एकाच खड्ड्याचे सात क्रमांक होतात आणि सहा ‘दुबार’ म्हणून बंद झाले की सातवाही सुटला असं वाटतं. ‘बंद’ म्हणजे बुजला असं नाहीच. पुढे पाठवली, पाहणी झाली, निकषात बसत नाही, या सगळ्यालाही बंदच म्हणतात. शेरा उघडून वाचावा, त्याच कोनातून पुन्हा फोटो काढावा आणि नव्या तक्रारीत जुना क्रमांक घालावा. पिन मात्र पुन्हा हातानेच लावावी, कारण ॲप तिला परत दिवाणखान्यातच ठेवणार.