पिशवी काढल्याचे खापर बाईच्या अज्ञानावर नको

बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया २०१९ मध्ये उजेडात आल्या, तेव्हापासून एक विधान वारंवार केले जाते: या बाया अडाणी आहेत, पाळीचा त्रास नको म्हणून त्या स्वखुशीने पिशवी काढून घेतात आणि गावोगावी आरोग्यशिबिरे घेतली की हे थांबेल.

आधी अडाणीपणाचे पाहू. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीसमोर आलेल्या पाहणीनुसार ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे, म्हणजे साधारण १७ टक्के स्त्रियांचे, गर्भाशय काढलेले होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटात हेच प्रमाण देशभरात सुमारे ३ टक्के आढळते. तुलना ढोबळ आहे हे मान्य. तरीही पाळीविषयीचे अज्ञान काही एकट्या बीडमध्ये नाही, मग आकडा इथेच एवढा का फुगला, याचे उत्तर अज्ञानातून मिळत नाही. ते कामाच्या करारात मिळते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरीचे एक एकक, धरला जातो, हंगामापूर्वीच मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि दुखणे आले म्हणून कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहिले तर खाडा पडून दंड भरावा लागतो. दर महिन्याचा खाडा टाळू पाहणारी बाई हिशेब नीट जाणते. त्या हिशेबात तिच्या शरीराची किंमत धरलेलीच नाही.

स्वखुशीचा दावा तर त्याहून कच्चा आहे. अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार पुष्कळदा जंतुसंसर्गाची असते आणि औषधाने बरी होते. पण ‘पिशवी ठेवलीस तर कॅन्सर होईल’ असे खासगी डॉक्टरने सांगितल्यावर दिलेल्या होकाराला संमती कसे म्हणायचे? बीजाशयेही काढली तर पाळी एकदम थांबते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात, हे कितीजणींना आधी सांगितले गेले? अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२३ मध्ये राज्यांना बजावावे लागले. तो आदेश व्यवस्थेला होता, बायांना नव्हे.

राहिला शिबिरांचा मुद्दा. लैंगिक आरोग्याचे शिक्षण हवेच, याबद्दल दुमत नाही. राणी व अभय बंग यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गडचिरोलीतील अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले होते आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. इतके हे दुखणे मुके आहे. परंतु ऊसतोड्यांच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात त्या मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात असतात, तर ओळखीची आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, मागे गावातच राहते. उसाच्या फडाजवळ पाणी नाही, आडोसा नाही, आणि अशा बाईला स्वच्छतेचे व्याख्यान देणे मला क्रूर वाटते. मुकादम आणि सासू यांच्यादेखत ती काही विचारणारही नाही. संसर्ग लैंगिक संबंधातून आलेला असेल, तर नवऱ्याने औषध घेतल्याशिवाय तो पुन्हा होण्याचा धोका राहतो; शिबिराला मात्र एकट्या बायकांना बोलावले जाते.

म्हणून शिक्षण द्यायचे तर ते कोप्यांवर, संध्याकाळी, त्यांच्यातल्याच बाईच्या तोंडून, तपासणी आणि औषधे सोबत नेऊन द्यावे लागेल. पुरुषांशी वेगळे बोलावे लागेल. आणि दवाखान्यात गेलेल्या दिवसाचा खाडा धरला जाणार नाही, हे मुकादमाशी होणाऱ्या करारातच लिहून घ्यावे लागेल.