उभी केलेली, बाहेरून आलेली

२०२४च्या ऑगस्टमध्ये अजित पवार म्हणाले, लोकसभेला पत्नीला बहिणीविरुद्ध उभं करायला नको होतं, चूक झाली. आमच्या घरच्या ग्रुपवर लगेच गहिवर. दादा मोठ्या मनाचे! माझं डोकं फिरलं ते 'उभं करायला' या शब्दावर. चूक यांची, कबुलीही यांचीच. एप्रिल-मेच्या उन्हात गावोगाव हात जोडत फिरल्या सुनेत्रावहिनी, हरल्या दीड लाखावर मतांनी, त्यांना कुणी काही विचारलं का?

काकू म्हणाली, "घर फुटलं त्याचं काय?"

मग मी इकडचे, ब्रिटनमधले दाखले काढले. २०१० मध्ये मिलिबँड बंधू लेबर पक्षाच्या एकाच नेतेपदासाठी समोरासमोर उभे राहिले, धाकटा जिंकला. २०१९ मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सनच्या सख्ख्या भावानं, जोनं, घर की देशहित यात ओढाताण होते असं जाहीर सांगून मंत्रिपद सोडलं. इथे माणसं स्वतःच्या पायावर उभी राहतात, असंही वर ठोकून दिलं. खासदार स्टेला क्रीझी तान्ह्या बाळाला घेऊन संसदेत चर्चेला बसल्या, तर २०२१ मध्ये त्यांना नियम दाखवला गेला. ते नाही लिहिलं. कशाला लिहू?

चुलतभावानं विचारलं, "ताई, तू मतदान तरी केलंस का?"

नाही. नाव सासवडच्या यादीत असलं तरी ७ मेला तिथे हजर राहावं लागतं. ४ जुलैला इथे मात्र केलं, चर्चच्या हॉलमध्ये भारतीय पासपोर्ट दाखवून, पेन्सिलीनं फुली मारून. पाच मिनिटांत घरी.

खरं तर मी सुप्रियाताईंच्याच बाजूची. पण एप्रिलमध्ये थोरले पवार 'मूळ पवार' आणि 'बाहेरून आलेले पवार' असं बोलून गेले, आणि त्यावर विचारल्यावर सुनेत्रावहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. तो व्हिडिओ मी रात्री तीनदा पाहिला. फलटणला सासरी मी अजून 'सासवडची'. सासवडला 'लंडनची'.

आणि मूळचं म्हणाल, तर गेल्या दिवाळीत हक्कसोडपत्रावर सही करून आले. भावानं मागितलं नव्हतं, फक्त विषय काढला होता. एरवी स्त्रियांच्या हक्कांवर भाषण देणारी मी लगेच 'हो' म्हणाले. माहेर तुटायला नको. रजिस्टर ऑफिसात मशीनवर अंगठा ठेवताना माझी पर्स वहिनीनं धरली होती. पंचवीस वर्षांपूर्वी तीही बाहेरूनच आली. आता त्या शेताच्या बांधावर तिचाच पाय जास्त हक्कानं पडतो, आणि आंबे लागले की फोटो तीच पाठवते.