बाबांचे राणेसाहेब

परमवीरचक्र विजेते रामा राघोबा राणे यांच्यावरचा लेख वाचला आणि डोळे भरून आले. एप्रिल १९४८ मध्ये स्वतः जखमी असूनही टँकखाली सरपटत, दोरीने चालकाला खुणा करत नौशेरा-राजौरी रस्त्यावर त्यांनी वाट काढली, हे मी बाबांकडून कितीदा ऐकलंय! बाबाही राणेंसारखेच खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधले, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातले. स्वतःच्या ७१ च्या लढाईबद्दल मात्र अवाक्षर नाही. आईची शाळा सकाळची, म्हणून निवृत्तीनंतर आम्हा तिघी बहिणींच्या वेण्या तेच घालायचे. इतक्या घट्ट की संध्याकाळपर्यंत एक केस हलत नसे. गेल्या श्रावणात ते गेले. कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात त्यांची पदकं सापडली, रुमालात गुंडाळलेली. शेजारीच आमच्या लाल रिबिनी, नीट घडी घालून.