बक्षीस समिती

शिक्षकाला जनगणना आणि निवडणुकीच्या ड्युटीची धास्ती असते, असा लोकांचा समज आहे. ज्यांना बक्षीस समितीवर कधी घेतलेलं नाही त्यांचाच तो समज. निवडणुकीत मतदान संपलं की यंत्रं सील होतात, ती जमा करून माणूस घरी येऊन झोपतो. बक्षिसांचं वाटप संपलं की खरी मोजणी सुरू होते, आणि ती पुढच्या 1 मेपर्यंत चालते.

आमची शाळा सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची, पाचवी ते दहावी. 1 मेला झेंडावंदन, मग निकाल, मग बक्षिसं हा क्रम मी लागायच्या आधीपासूनचा. 2025 साली राज्यभर परीक्षांचं एकच वेळापत्रक आलं आणि त्यात शेवटचा पेपर 25 एप्रिलला. म्हणजे पेपर तपासा, नोंदी भरा, प्रगतिपुस्तकं लिहा, आणि ‘जाता जाता तेवढं बक्षिसांचं बघा’. ‘जाता जाता’ हे बाईंचे शब्द. बाई म्हणजे मुख्याध्यापिका.

बक्षिसांचं बघायचं म्हणजे आधी ठेवींचं रजिस्टर काढायचं. गावातल्या दानशूरांनी शाळेकडे ठेवी ठेवल्या आहेत, त्यांच्या व्याजातून बक्षिसं द्यायची. 1968 साली कुणी आईच्या स्मरणार्थ एक हजार एक रुपये दिले. तेव्हा तेवढ्यात पाचेक तोळे सोनं येत होतं, त्यामुळे दात्याच्या हेतूवर बोट ठेवायची कुणाची टाप नाही. पण आज त्याचं वर्षाचं व्याज साठ-पासष्ट रुपये, आणि बरी कंपासपेटी दीडशेच्या खाली नाही. यावर तोड म्हणून आमचे क्लार्कभाऊ ठेवींची मोट बांधतात. गेली काही वर्षं सातवीच्या गणिताची कंपासपेटी एका दात्याच्या मातोश्री, दुसऱ्याच्या थोरल्या वहिनी आणि एक बंद पडलेलं व्यायाम मंडळ यांच्या संयुक्त स्मरणार्थ दिली जाते. पेटीच्या झाकणावर एवढा मजकूर मावत नाही, म्हणून तो आतल्या पट्टीवर चिकटवतो.

रजिस्टरातली सगळ्यात श्रीमंत ठेव मात्र कुणालाच मिळत नाही. ‘अकरावी मॅट्रिकला इंग्रजीत प्रथम येणाऱ्यास’ अशी तिची अट आहे. अकरावीची मॅट्रिक 1975 च्या सुमारास गेली, दहावीचा बोर्ड आला. दाते त्याआधीच गेले होते, अट बदलायची तर सही कुणाची घ्यायची? तेव्हापासून व्याजावर व्याज चढतंय. पन्नास वर्षांत एकही मुलगा पहिला न आल्यामुळे हे बक्षीस आज आमच्या अख्ख्या समारंभाचा मांडवखर्च काढू शकेल. ऑडिटवाले दर वर्षी त्या पानावर थोडा वेळ थांबतात, सुस्कारा सोडतात आणि पान उलटतात.

दुसरी भानगड क्रमांकांची. आठवीपर्यंत नंबर काढायचे नाहीत, श्रेणी द्यायची, हे 2010 पासून चालू आहे. एक्क्याण्णवच्या पुढे सगळे अ-१. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीनं हे फार चांगलं आहे, मी प्रशिक्षणात तसं लिहूनही दिलंय. पण ठेव ठेवणाऱ्यानं ‘प्रथम क्रमांकास’ असं लिहिलेलं असतं आणि पालकालाही तेच हवं असतं. ‘सर, ते अ-१ बिवन ऱ्हाऊ द्या. नंबर कितवा आला?’ नंबर नसतो म्हटलं की पालक बरोबरच्या माणसाकडे बघून डोळा मारतो, म्हणजे सर नंबर दाबून ठेवतायत. आणि सर खरोखरच दाबून ठेवत असतात. प्रत्येक वर्गशिक्षकाच्या टेबलाच्या खणात पेन्सिलीनं लिहिलेली एक यादी असते. तिच्याबद्दल स्टाफरूममध्येसुद्धा कुणी मोठ्यानं बोलत नाही.

बाईंनी त्यातून मार्ग काढला : एकही मूल रिकाम्या हातानं घरी जाता कामा नये. ऐकायला सोपं आहे. शंभर टक्के उपस्थिती, सुंदर हस्ताक्षर, वाचनालयाची पुस्तकं वेळेत परत करणारा, पोषण आहार वाढायला मदत करणारी, इथवर आलो तरी सहावी ब मधला एक मुलगा उरलाच. तो कशातच बसेना. बाकावरही बसत नाही, हे वर्गशिक्षकांनी नोंदवून घ्यायला लावलं. शेवटी शिपाईमामा म्हणाले, टाकीची मोटर बंद पडली की फ्यूज तोच बघतो. त्याला फ्यूजला हात कुणी लावू दिला, यावर बाई अर्धा तास बोलल्या. मग ‘तंत्रकौशल्य, विशेष’ असं बक्षीस तयार झालं.

आता फिरती ढाल. लाकडी फळीवर पितळी पत्रा, मधोमध वीणाधारी सरस्वती, भोवती वर्षागणिक नावांच्या पट्ट्या. आठवीतल्या आदर्श विद्यार्थ्याला ती वर्षभर मिळते, आणि वर्षानं परत करायची असते. या वाक्याचा उत्तरार्ध घेणाऱ्याला ऐकू येत नाही, कारण तेव्हा टाळ्या चालू असतात. गेल्या वर्षीच्या विजेत्याच्या घरी ढाल आणायला गेलो तर ती देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी. सरस्वतीच्या नाकापर्यंत हळदकुंकू चढलेलं, वीणेच्या तारांत उदबत्तीची राख. आजी म्हणाल्या, ‘बसा गुरुजी, चहा घ्या. पण घरातली सरस्वती भरल्या घरातनं कशी काढून देऊ? पोरगं यंदा नववीला गेलंय.’ तर्कात खोट काढता येईना. चहा झाला, पोहे झाले, आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन सविस्तर झालं. शेवटी बाजारातून सरस्वतीची फ्रेम आणून दिली, तिला त्यांनी हळदकुंकू लावलं, ढालीवर अक्षता टाकून ती हलवली आणि मगच ती माझ्या हातात दिली. एवढ्या मानानं आमच्या शाळेत कुणाची बदलीसुद्धा झालेली नाही. फ्रेमचा खर्च कोणत्या ठेवीत दाखवायचा, यावर क्लार्कभाऊ माझ्याशी दोन दिवस बोलत नव्हते.

1 मेला सकाळी सातला मुलं ओळीत उभी. राष्ट्रगीत झालं, राज्यगीत झालं, पाहुणे नाहीत. महाराष्ट्र दिनाला पुढारी मिळणं कठीण, त्याला गावोगाव झेंडे असतात. ते नऊला आले तोवर मांडवाबाहेरचं ऊनही आत सरकलं होतं. भाषणात ते म्हणाले, ‘मी शाळेत कायम मागच्या बाकावर. बक्षीस कधी मिळालं नाही, पण बघा, आज मी बक्षीस देतोय!’ मागच्या ओळींनी शिट्ट्या मारल्या. पहिल्या ओळीत वर्षभर जागून अ-१ मिळवलेली पोरं बसली होती, त्यांचे चेहरे मी पाहिले. बक्षीस समारंभाला बक्षीस न मिळालेलाच पाहुणा का लागतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

वाटप सुरू झालं. प्रत्येक मूल मंचावरच्या सगळ्यांच्या पाया पडतं, म्हणजे एका कंपासपेटीला नऊ नमस्कार. त्यात पालक खालून ओरडतात, ‘फोटू आला न्हाई, परत द्या!’ की पाहुणे पेटी काढून घेतात आणि परत देतात. सूत्रसंचालन दहावीतली एक मुलगी करत होती, आवाज खणखणीत. यादीत ‘कै.’ आणि ‘श्री.’चे रकाने शेजारीशेजारी होते. तिनं दणक्यात वाचलं, ‘कैलासवासी...’ आणि पुढे ज्यांचं नाव घेतलं ते शहाऐंशी वर्षांचे दाते दुसऱ्या खुर्चीवर सरबत पीत होते. सभा चिडीचूप. त्यांनी ग्लास खाली ठेवला, माईक मागून घेतला आणि म्हणाले, ‘व्याज बघून मलाही तसंच वाटतं.’ दिवसभरातली सगळ्यात मोठी टाळी ती.

सहावी ब च्या तंत्रकौशल्याचं नाव पुकारलं तेव्हा तो मंचावर आला नाही. माईक खरखरायला लागला होता, आणि तो मांडवामागे वायरी हातात घेऊन उभा होता. बाईंनी मंचावरूनच त्याला असं पाहिलं की बक्षीस मीच जाऊन गुपचूप देऊन आलो.

ढाल सर्वांत शेवटी. यंदा दोन मुलींचे गुण सारखे निघाले, अगदी पेन्सिलीच्या यादीतही. पाहुण्यांनी अर्धी-अर्धी दोघींच्या हातात दिली, फोटो झाला, पाहुणे पुढच्या झेंड्याला गेले. मांडव सोडायला माणसं आली तरी दोघींच्या आया माझ्यासमोर उभ्या. सहा-सहा महिने ठेवा म्हटलं. ते दोघींनाही मान्य, पण पहिले सहा महिने दोघींनाही हवेत, कारण त्यात गणपती येतात आणि घरी पाहुणे असतात. मग बराच वेळ कॅलेंडर चाललं. गौरीगणपती एकीकडे, दिवाळी दुसरीकडे, संक्रांतीचं हळदीकुंकू परत पहिलीकडे, असं लिहून घेतलं आणि दोघींच्या सह्या घेतल्या. ने-आण कोणी करायची, हे कलम राहिलं होतं. दोघींनीही एकदम माझ्या मोटरसायकलीकडे पाहिलं.