कळसूबाईपेक्षा बुटका डोंगर

परवा इथे ब्रिटनमध्ये नव्याने शिकायला आलेल्या एका मराठी मुलाचा मेसेज आला, ताई राजगड-तोरणा एका दिवसात केलाय, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलाय, आता डिसेंबरच्या सुट्टीत एकट्याने बेन मॅकडूई करून वर तंबू टाकायचा विचार आहे, १३०९ मीटर म्हणजे आपल्याला काहीच नाही ना? त्याला दोन ओळीत नको म्हणून कळवलं, पण रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून नीट लिहितेय.

आकडा खरा आहे. स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म रांगेतला हा डोंगर ब्रिटनमधला दोन नंबरचा, आणि आपली कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे हा ३३७ मीटरने बुटकाच. मी मूळची संगमनेरची, कळसूबाईला नवरात्रात आजीचा हात धरून गेलेय, पायात साध्या स्लिपर. मॅकडूईला पहिल्यांदा एकटी निघाले तेव्हा आई फोनवर म्हणाली, "अगं आपल्या कळसूबाईएवढा पण नाही ना तो, मग एवढं काय सामान?" मलाही मनातून तेच वाटत होतं, आणि म्हणून कॉटनचा टीशर्ट घालून गेले. चढताना घामाने भिजला, वर पठारावर वारा लागला आणि दहा मिनिटांत बोटं इतकी बधिर झाली की जॅकेटची चेन लावता येईना. लोखन बुई नावाचं छोटं तळं आहे तिथपर्यंत पोचले होते, समोर धुकं पडलं, तिथूनच परत फिरले. त्या दिवशी फिरले म्हणून आज हे लिहितेय असं मी अगदी मनापासून मानते.

कारण मीटर मोजून हा डोंगर कळतच नाही. तो ५७ अंश अक्षांशावर आहे आणि वर सुळका नाही, मैलोनमैल पसरलेलं उघडं पठार आहे, झाड म्हणून नाही. पार्किंगला ५ डिग्री असेल तर माथ्यावर शून्याच्या आसपास, आणि त्यावर वारा वेगळा. शेजारच्याच केर्न गॉर्म नावाच्या डोंगराच्या माथ्यावर २० मार्च १९८६ ला ताशी २७८ किलोमीटरचा झोत नोंदलाय. आपल्याकडे वाट चुकली तरी उतरत राहिलं की खाली कुठेतरी वाडी लागते, कुत्रं भुंकतं, एखादी मावशी तांब्याभर पाणी आणून देते. इथे धुक्यात अंदाजाने उतरायला गेलात तर पठाराची कडा सरळ कड्यावरून खाली जाते, आणि बर्फ असेल तर ती कडा दिसतही नाही, हवेत पुढे आलेल्या बर्फाच्या छज्जावर तुम्ही उभे असता आणि तुम्हाला माहीत नसतं.

नोव्हेंबर १९७१ मध्ये याच पठारावर एडिनबराच्या शाळेतल्या मुलांचा एक गट वादळात सापडला होता. लोखन बुईजवळच्या निवाऱ्यापर्यंत जायचं होतं, पोचताच आलं नाही, उघड्यावर दोन रात्री काढाव्या लागल्या. सहा जण दगावले, त्यातली पाच शाळकरी मुलं. मी दर वेळी त्या तळ्यापाशी थोडं थांबते.

आता कोणी म्हणेल मग जाऊच नये का. जावं, एकट्याने पण जावं, माझं तर म्हणणं आहे की एकट्याने गेल्याशिवाय हा डोंगर कळत नाही. फक्त तयारी करून. मी पहिल्या माघारीनंतर दोन वर्षं दिवसाच्या दिवसात जाऊन येत होते, नकाशा आणि होकायंत्रावर चालायला शिकत होते, किती अंतर आले ते कळावं म्हणून धुक्यात पावलं मोजत होते (माझी डबल पावलं, म्हणजे डावं-उजवं मिळून एक, सपाटीवर शंभर मीटरला ६४ होतात, चढावर ७० च्या वर), आणि मग गेल्या वर्षी ऑक्टोबर संपता संपता एकटी तंबू घेऊन गेले. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने डोंगरात तंबू टाकायचा हक्क आहे, जागा होती तशी ठेवून निघायचं एवढीच अपेक्षा.

माथ्याजवळ दगड रचून केलेले गोल आडोसे आहेत, त्यातल्या एकात तंबू लावला. खुंट्या खडीत जाईनात म्हणून दोऱ्या दगडांना बांधल्या. साडेचारला सूर्य गेला आणि पुढे चौदा-पंधरा तास अंधार, ही गोष्ट कोणी सांगत नाही, थंडीपेक्षा रात्रीची लांबी अंगावर येते. गॅसचा डबा संध्याकाळपासून जॅकेटच्या आत ठेवला होता, नाहीतर गार डब्यातून गॅस नीट येतच नाही. गरम पाणी घालून मेतकूट भात खाल्ला, वर तुपाचा गोळा, अख्ख्या तंबूला घरासारखा वास सुटला. पाण्याची बाटली उलटी करून मोज्यात घालून ठेवायची, बर्फ वरून धरतो त्यामुळे सकाळी झाकण उघडतं. आणि मॅट. लोक महागडी स्लीपिंग बॅग घेतात आणि खाली पातळ मॅट टाकतात, अरे ऊब खालून जमीन खेचून घेते! मी दोन मॅट एकावर एक टाकते.

रात्री दोनला बाहेरून आवाज आला, कोरड्या घशातून कोणी घर्र घर्र करावं तसा, अगदी जवळ. या डोंगरावर नॉर्मन कोली नावाचे रसायनशास्त्राचे प्रोफेसर १८९१ मध्ये एकटेच होते, धुक्यात मागून पावलं ऐकू आली आणि ते मैलोनमैल जंगलापर्यंत पळत सुटले. हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं ते १९२५ मध्ये. हा माणूस १८९५ च्या नंगा पर्बत मोहिमेतला बरं का, घाबरट नव्हे. मला ते आठवलं आणि छातीत धडधडायला लागलं. मग लक्षात आलं, टार्मिगन. पठारावरचा पक्षी, हिवाळ्यात पांढरा होतो, ओरडतो असाच. चेन गोठली होती, ती फुंकर मारून सोडवली आणि डोकं बाहेर काढलं तर धुकं खाली गेलेलं, वर नुसते तारे. श्वासाचं दव तंबूच्या आतून गोठलं होतं ते मानेवर पडत होतं. किती वेळ तशीच बसले माहीत नाही. कोणाशी बोलावंसं वाटलं नाही, आणि एकटंही वाटलं नाही.

त्या रात्री मला शांत बसता आलं त्याचं एक कारण खाली होतं. मैत्रिणीच्या फ्रिजवर माझा कागद लावलेला असतो, वाट कुठली, तंबू कुठे, परत कधी, आणि दुपारी तीनपर्यंत मेसेज नाही आला तर ९९९ या इथल्या आणीबाणीच्या नंबरला फोन करून पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. ही रेस्क्यूवाली माणसं स्वयंसेवक आहेत, आपली नोकरी सोडून वादळात वर येतात, एक पैसा घेत नाहीत. आपण कुठे आहोत हे त्यांना अंदाजाने शोधायला लावणं मला पटत नाही.

तर भावा, डिसेंबरात नको. साडेतीनला सूर्य जातो, आणि बर्फावरची कुऱ्हाड आणि क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे) तू अजून हातात धरलेलं नाहीस. मे अखेरीस ये, पहिल्यांदा आपण दोघं दिवसाचे जाऊ, होकायंत्र तुझ्या हातात, मी मागे. तंबू माझा घेऊन जा नंतर. जादाची मॅट पण आहे.