साडेतीनचा की दोनशेचा?

गाडीचे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, काढून कॉइलओव्हर बसवायचे, हे मी ठरवलं तेव्हा आमची फोर बाय फोर एका खड्ड्यातून नुकतीच वर आली होती आणि माझं डोकं छताला आपटून जागेवर परत यायचं होतं. असल्या वेळी माणसाने काही ठरवू नये.

कॉइलओव्हर म्हणजे शॉकअपच्या अंगावरच चढवलेली स्प्रिंग. वजन पेलणारी आणि उसळी आवरणारा, दोघं एकाच खोलीत. दिसायला इतकं देखणं प्रकरण, की बायकोने चित्र पाहून आधी विचारलं, "हे घरात कुठे लावायचंय?" गाडीच्या खाली, चिखलात, असं सांगितल्यावर तिचा त्यातला रस संपला. माझा तिथूनच सुरू झाला.

मग मी जाणकारांना विचारलं. इथेच चुकलं. गाड्यांच्या बाबतीत माझे तीन मित्र जाणकार आहेत, आणि प्रत्येकाच्या मते बाकीचे दोघं नाहीत.

पहिला म्हणाला, "डोळे मिटून साडेतीनची स्प्रिंग घे."

"साडेतीन?" दुसरा उसळला. "पस्तीसच्या खाली हातसुद्धा लावू नकोस!"

तिसरा रात्र रात्र कॅटलॉग वाचतो. तो नुसता हसला आणि म्हणाला, "दोनशे."

तासभर भांडण चाललं. जुनी उणीदुणी निघाली, कोणाची गाडी कोणत्या ओढ्यात कोणी ओढून काढली तेही निघालं. माझी मुलगी कोपऱ्यात अभ्यास करत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "बाबा, स्प्रिंग दाबायला लागणारा भार साडेतीन किलो प्रति मिलिमीटर, पस्तीस न्यूटन प्रति मिलिमीटर आणि दोनशे पौंड प्रति इंच, ही एकच स्प्रिंग आहे." आपलं एकमत आहे हे कळल्यावर तिघंही नाराज होऊन घरी गेले.

लांबीचा प्रश्न मी एकट्यानेच सोडवला. दांडा किती आतबाहेर होतो त्यावर कॉइलओव्हर १०, १२, १४, १६ इंची असे मिळतात. कॅटलॉग वाचताना प्रत्येक माणूस १६ इंची असतो. मी टेप घेऊन गाडीखाली शिरलो आणि १४ इंचीवर आलो. तोही पूर्ण उघडला की तीन फुटांच्या आसपास जातो, म्हणजे त्याचं वरचं टोक चॅसीला नव्हे, थेट बॉनेटला भेटायला निघालं होतं. "तिरका बसवू," मी तोडगा काढला. मिस्त्रींनी माझ्याकडे दयेने पाहिलं. उभ्यापासून ३० अंश तिरका केला तर स्प्रिंगचा कडकपणा चाकापाशी पाऊणच उरतो. शेवटी आतलं पत्र्याचं मडगार्ड कापून, पाइप वाकवून, ते वरचं टोक धरायला दोन्ही बाजूंना कमानी वेल्ड करायचं ठरलं. "थोडंसंच कापावं लागेल," असं मिस्त्री म्हणाले. डॉक्टर आणि मिस्त्री या दोघांच्या तोंडी 'थोडंसंच' आलं की मी खाली बसून घेतो.

पाट्यांबद्दल इथे दोन शब्द. मी आयुष्यभर त्यांना नावं ठेवली. बैलगाडी म्हणालो, लोखंडी पाट म्हणालो. पण ते नुसतं वजन पेलत नव्हते, एक्सलला जागेवर धरूनही ठेवत होते. कॉइलओव्हरला हे दुसरं काम येत नाही. पाटे सोडले की एक्सल मोकळा. त्याला पुढे-मागे, डावी-उजवीकडे जाऊ न देणारे दांडे वेगळे लावावे लागतात. ते लावले की स्टीअरिंगचे कोन बदलतात, एक्सलला इंजिनाची ताकद पोचवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो, ब्रेकचे होज आखूड पडतात. स्प्रिंग बदलायला निघालो होतो, आता मूळची म्हणावी अशी फक्त नंबरप्लेट राहणार होती.

त्यात समजलं की स्प्रिंग एक नसतेच. एकावर एक अशा दोन, आणि मधे एक सरकतं कडं. वरची २०० पौंडांची, खालची ३०० ची. मी बेरीज करून ५०० आणले आणि खूश झालो. मुलीने कागद ओढून घेतला. गुणाकार भागिले बेरीज. उत्तर १२०. म्हणजे दोन कडक स्प्रिंगा एकावर एक ठेवल्या की दोघींपेक्षा मऊ! मला हे पटेना. मग आमच्या सोसायटीची कार्यकारिणी आठवली. दोन ताठ माणसांची समिती नेमली की निर्णय दोघांपेक्षाही मवाळ लागतो, हे मी दर महिन्याला बघतो. पुढे गाडी दबत गेली की ते सरकतं कडं एका थांब्याला टेकतं, वरची स्प्रिंग रजेवर जाते आणि उरलेला सगळा भार खालची एकटी ३०० च्या ताठ्याने घेते. समितीतही अखेर असंच होतं.

शॉकअपला जोडून तेलाचा वेगळा डबाही येतो. त्यात नायट्रोजन, साधारण १५० ते २०० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाचा. खडबडीत रस्त्यावर तेल तापतं, त्याला फेस येतो आणि शॉकअप ढिला पडतो. ते टाळायला हा दाब. डब्याचा रंग कोणता घ्यावा यात मात्र माझे चार दिवस गेले.

एवढं सगळं झाल्यावर मिस्त्रींनी तो प्रश्न विचारला. "गाडीचं वजन किती?"

"कंपनीच्या माहितीपत्रकात..."

"पत्रकाचं नको. आत्ताचं. काट्यावर घाला, पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी."

मी काट्यावर गेलो. पण माणूस काट्यावर जाताना चपला काढतो, घड्याळ काढतो, श्वास सोडतो. मीही हत्यारांची पेटी काढली, स्टेपनी उतरवली, टाकी रिकामी होईपर्यंत दोन दिवस थांबलो. लोखंडी बंपर आणि विंच, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायची चरखी, आणून ठेवले होते, पण ते अजून गाडीवर चढले नव्हते. तेव्हा ते गाडीचं वजन नव्हे, असा मी विचार केला. आणि वजन करताना खाली उतरून उभा राहिलो. आकडा फार सुरेख आला.

त्यातूनही वजाबाकी होती. चाकं, ब्रेक, एक्सल हे स्प्रिंगच्या खालचे. त्यांचा भार स्प्रिंगवर येत नाही, तो वजा करायचा. वजन वजा करायला अधिकृत परवानगी मिळण्याची ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ. मी हात सैल सोडला.

"आणि चालवणाऱ्याचं वजन?" मिस्त्रींनी वहीतून मान वर केली.

"बहात्तर," मी म्हणालो.

बायको शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने गॅरेजचं छप्पर निरखायला घेतलं.

रॉबर्ट हूकने १६७६ साली स्प्रिंगचा नियम छापला तो अक्षरांची उलटापालट करून, कोणाला कळू नये असा; उलगडा केला १६७८ मध्ये. जितका भार तितका ताण, एवढंच त्यात होतं. हे मुलीने मला त्या रात्री सांगितलं. दोन वर्षं तरी लपलं की, असं मला वाटलं. माझं दोन महिनेही लपायचं नव्हतं.

कॉइलओव्हर बसले. मिस्त्रींनी रिकाम्या गाडीची पुढची उंची खडूने लिहून ठेवली. मग बंपर चढला, विंच चढली, मी चढलो आणि पहिल्याच चरात गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे दबण्याची हद्द संपते तिथल्या थांब्यावर, अशी आपटली की माझं डोकं पुन्हा छताला लागलं. त्याच जागी.

"स्प्रिंगच्या डोक्यावरची चकती आवळा की, कडक होईल," मी परत येऊन म्हणालो. होत नाही म्हणे. गाडी नुसती वर उचलली जाते, चाकाला खाली उतरायला जागा कमी उरते, आणि पुढचा प्रत्येक मिलिमीटर दाबायला वजन आधीइतकंच लागतं. "पट्टा आवळला म्हणून पोट कमी होतं का, साहेब?" असं मिस्त्री म्हणाले. उदाहरण चांगलं होतं. देताना माझ्याकडे बघायची गरज नव्हती.

"बसा आत," ते म्हणाले आणि टेप लावला. "खडूच्या आकड्यापेक्षा माझ्या बाजूला पंचवीस खाली, तुमच्या बाजूला एकतीस. छप्पन मिलिमीटर." खडूने पाटीवर गुणाकार झाला: इंचाला १२० पौंड, म्हणजे मिलिमीटरला दोन किलोहून जरा जास्त. "एकशे वीस किलो. बंपर आणि विंच मी चढवताना तोलले होते. पुढे लोंबतात म्हणून एक्सलवर जरा जास्तच भरतात, ते धरून अठ्ठ्याहत्तर. राहिले बेचाळीस." खडू थांबला. "चालवणाऱ्याचं वजन पुढे निम्मं, मागे निम्मं. म्हणजे चौऱ्याऐंशी."

मुलगी पाटीकडे बघून मान डोलावत होती. पद्धत बरोबर होती.

"तुम्ही बहात्तर सांगितलं होतंत," मिस्त्री म्हणाले.

"आज टाकी फुल आहे," मी म्हणालो.

"टाकी मागे आहे, साहेब."